फ्लेवर सममिती: न्यूट्रिनोचं पहिलं मॉडेल स्वतःच्या हातानं

न्यूट्रिनोच्या फ्लेवर सममितीवरचा पहिला शोधनिबंध मी उघडला तेव्हा दुसऱ्याच परिच्छेदात ए-४, फ्लेव्हॉन, व्हॅक्यूम अलाइनमेंट असे शब्द एकापाठोपाठ अंगावर आले आणि मी मुकाट्यानं फाईल बंद केली. बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं की या सगळ्याचा गाभा तीन बाय तीनच्या मॅट्रिक्समध्ये मावतो आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलं तर एका दुपारी हाताखालून जातो. बाकीचे जड शब्द नंतर शिकले तरी चालतात. हा लेख त्या एका दुपारसाठी आहे.

भांडवल थोडंच लागतं. मॅट्रिक्सचा गुणाकार, आयगेनव्हॅल्यू आणि आयगेनव्हेक्टर म्हणजे काय, कॉम्प्लेक्स संख्या, आणि क्वांटम यांत्रिकीत एक अवस्था दुसऱ्या अवस्थांची बेरीज असू शकते ही कल्पना. क्वांटम फील्ड थिअरी येत असेल तर उत्तम, पण पहिल्या चार पायऱ्यांना तिच्यावाचून अडत नाही.

पायरी १: आकडे समोर मांडा

मॉडेल वाचण्याआधी ते कशाचं उत्तर देऊ बघतंय ते माहीत हवं. न्यूट्रिनो म्हणजे विद्युतभार नसलेला, अतिशय हलका मूलकण. त्याच्या तीन जाती, म्हणजे तीन फ्लेवर: इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ. न्यूट्रिनो कोणत्या विद्युतभारित लेप्टॉनच्या, म्हणजे इलेक्ट्रॉन, म्यूऑन की टाऊ या कणाच्या, जोडीनं जन्माला आला यावरून त्याचा फ्लेवर ठरतो. ठरावीक वस्तुमान असलेल्या तीन अवस्था मात्र वेगळ्याच असतात. त्यांना नुसतं १, २, ३ म्हणतात. प्रत्येक फ्लेवर म्हणजे या तिघांचं मिश्रण, आणि म्हणूनच प्रवासात न्यूट्रिनोचा फ्लेवर बदलत जातो; यालाच ऑसिलेशन म्हणतात. जपानमधल्या सुपर-कामिओकांडे प्रयोगानं १९९८ मध्ये वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंवरून आणि कॅनडातल्या एसएनओनं २००१-०२ मध्ये सूर्याकडून येणाऱ्या न्यूट्रिनोंवरून हे दाखवून दिलं. काजिता आणि मॅकडोनाल्ड यांना २०१५ चं नोबेल मिळालं ते यासाठीच.

हे मिश्रण ज्या मॅट्रिक्सनं सांगतात त्याला पॉन्टेकोर्व्हो, माकी, नाकागावा आणि साकाता यांच्या आद्याक्षरांवरून पीएमएनएस म्हणतात. त्यात तीन कोन आणि एक फेज, म्हणजे डेल्टा, असतो. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवा:

थीटा-१२: सुमारे ३४ अंश
थीटा-२३: ४५ अंशांच्या आसपास, थोडा कमी की थोडा जास्त, ते अजून ठरलेलं नाही
थीटा-१३: सुमारे ८.५ अंश
वस्तुमानांच्या वर्गांतला लहान फरक: ०.००००७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट-वर्ग
मोठा फरक: ०.००२५ इलेक्ट्रॉनव्होल्ट-वर्ग

शेजारी क्वार्कचे (प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांचे) तेच तीन कोन लिहा: १३, २.४ आणि ०.२ अंश. क्वार्कचं मिश्रण नसल्यासारखं, न्यूट्रिनोचं भरभरून. दोन्ही मूलकणांच्या एकाच सिद्धांताच्या, स्टँडर्ड मॉडेलच्या, घरातले असूनही असं का, या प्रश्नातूनच हा सगळा उद्योग सुरू झाला.

आता दोन वर्गमुळं काढा: ०.०००००० असल्या शून्यांत हरवू नका, उत्तरं आहेत ०.००८७ आणि ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्ट. म्हणजे निदान एक न्यूट्रिनो ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्टचा तरी असलाच पाहिजे. सगळ्यात हलका किती वजनाचा ते ऑसिलेशन सांगत नाही, कारण तिथे फक्त वर्गांचे फरक दिसतात. थेट मोजणाऱ्या काट्रिन प्रयोगाची २०२५ मधली वरची मर्यादा ०.४५ इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. तिसरा न्यूट्रिनो सगळ्यात जड की सगळ्यात हलका, हेही पक्कं ठरलेलं नाही. जड असेल तर क्रम सरळ, हलका असेल तर उलटा.

न्यूट्रिनो स्वतःचाच प्रतिकण, म्हणजे मायोराना प्रकारचा, आहे असं धरलं तर एकूण नऊ संख्या होतात: तीन वस्तुमानं, तीन कोन, तीन फेज (डेल्टा आणि मायोराना प्रकारामुळे येणारे आणखी दोन). हा नऊचा आकडा लक्षात ठेवा, शेवटी हिशेब त्याच्याशीच आहे.

पायरी २: सी-सॉ समजून घ्या, पण तिथे रेंगाळू नका

इलेक्ट्रॉनचं वस्तुमान ५ लाख ११ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट. न्यूट्रिनो त्याच्या दहा लाखाव्या भागाएवढाही भरत नाही. याचं सगळ्यात लोकप्रिय स्पष्टीकरण म्हणजे सी-सॉ यंत्रणा. १९७७ मध्ये मिन्कोव्स्कीनं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत इतर अनेकांनी स्वतंत्रपणे ती मांडली. नेहमीच्या डाव्या फिरकीच्या न्यूट्रिनोला उजव्या फिरकीचा एक अतिशय जड जोडीदार द्यायचा. जोडीदार जितका जड, तितका आपला न्यूट्रिनो हलका. सूत्र एका ओळीचं आहे: हिग्ज क्षेत्राच्या निर्वातातल्या मूल्याचा वर्ग भागिले जड वस्तुमान. हिग्जसाठी १७४ जीईव्ही आणि उत्तरासाठी ०.०५ इलेक्ट्रॉनव्होल्ट घाला. जड वस्तुमान सुमारे ६ × १०^१४ जीईव्ही येतं. स्वतः करून बघा, फक्त जीईव्ही म्हणजे अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट हे विसरू नका. मी पहिल्यांदा विसरलो होतो आणि जोडीदार इतका हलका निघाला की क्षणभर मोठा शोध लागल्यासारखं वाटलं.

नवखे इथे एक गल्लत करतात. सी-सॉ वस्तुमानं लहान का हे सांगतं. कोन ३४, ४५ आणि ८.५ का हे सांगत नाही. आत तीन बाय तीनची मॅट्रिक्स कोणतीही भरा, यंत्रणा तितक्याच आनंदानं चालते. कोनांसाठी त्या मॅट्रिक्सना शिस्त लागते, आणि ती शिस्त म्हणजे फ्लेवर सममिती.

पायरी ३: एक गट हातात घ्या

तीन फ्लेवर ही एकाच वस्तूची तीन अंगं आहेत असं धरा आणि त्यांना आपापसांत फिरवणाऱ्या क्रियांचा एक सांत गट, म्हणजे ग्रुप, निवडा. गटाच्या क्रिया मॅट्रिक्सनं लिहिल्या की त्याला गटाचं रूप म्हणतात. तिन्ही अंगं एकत्र फिरायची असतील तर गटाला तीन मितींचं अविभाज्य (लहान तुकडे न पडणारं) रूप हवं. अभ्यासक त्याला थोडक्यात 'ट्रिप्लेट' म्हणतात. असं रूप असलेल्या गटांत ए-४ सगळ्यात लहान आहे.

ए-४ म्हणजे चतुष्फलकाच्या फिरकीचा गट. चार शिरोबिंदू, चारही पृष्ठभाग समभुज त्रिकोण. तो ज्या ज्या प्रकारे फिरवून पुन्हा तसाच दिसतो असे प्रकार १२. कागदाचा एक चतुष्फलक करून शिरोबिंदूंना रंग द्या आणि खरंच फिरवून मोजा. बालिश वाटेल, पण पुढे 'गट मोडला' असं वाक्य आलं की काय मोडलं ते डोळ्यांसमोर येतं. गटाची रूपं चार: तीन एकेरी आणि एक ट्रिप्लेट. ताळा असा की मितींच्या वर्गांची बेरीज गटाच्या आकाराएवढी यायला हवी: १ + १ + १ + ९ = १२. पुढे भेटणाऱ्या एस-४ या गटासाठी १ + १ + ४ + ९ + ९ = २४, ए-५ या गटासाठी १ + ९ + ९ + १६ + २५ = ६०. कुठलाही नवा गट समोर आला की पहिला हा ताळा करा.

ए-४ चे सगळे १२ घटक दोनच क्रियांतून तयार होतात; त्यांना एस आणि टी म्हणू. एस दोनदा केली की मूळपदावर, टी तीनदा केली की मूळपदावर, आणि दोघींचा गुणाकार तीनदा केला तरी मूळपदावर. ट्रिप्लेटमध्ये टी ही कर्णाची मॅट्रिक्स अशी लिहिता येते: कर्णावर १, ओमेगा-वर्ग आणि ओमेगा, जिथे ओमेगा हे १ चं कॉम्प्लेक्स घनमूळ. आणि एस अशी:

१/३ ×
−१ २ २
२ −१ २
२ २ −१

पुढे जाण्याआधी हिचा वर्ग हातानं करा. पहिली ओळ गुणिले पहिला स्तंभ: (१ + ४ + ४)/९ = १. पहिली ओळ गुणिले दुसरा स्तंभ: (−२ − २ + ४)/९ = ०. जमलं.

पायरी ४: मॅट्रिक्सकडून कोनांकडे

या पायरीला घाई करू नका, लेखातली सगळी गंमत इथेच आहे.

विद्युतभारित लेप्टॉनांची वस्तुमानं टी ही क्रिया जपतात आणि न्यूट्रिनोची वस्तुमानं एस जपतात असं समजा. टी च्या कर्णावरचे तिन्ही अंक वेगवेगळे आहेत, त्यामुळे तिला जपणारी लेप्टॉनांची मॅट्रिक्स (वस्तुमान मॅट्रिक्स गुणिले तिचीच संयुग्मी) कर्णरूपच असावी लागते. म्हणजे इलेक्ट्रॉन, म्यूऑन आणि टाऊ आधीच सुटे झालेले, तिकडून मिश्रणात काही भर पडत नाही. सगळं मिश्रण न्यूट्रिनोच्या बाजूनं येणार.

आता एस चे आयगेनव्हेक्टर बघा. (१, १, १) घाला: प्रत्येक ओळीत (−१ + २ + २)/३ = १, म्हणजे आयगेनव्हॅल्यू +१. (२, −१, −१) घाला: पहिल्या ओळीत (−२ − २ − २)/३ = −२, म्हणजे −१. (०, १, −१) घाला, तेही −१. +१ चा व्हेक्टर एकटाच आहे. न्यूट्रिनोची मॅट्रिक्स एस ला जपत असेल तर हा एकटा व्हेक्टर तिचाही आयगेनव्हेक्टर असायलाच हवा. पीएमएनएसचा एक अख्खा स्तंभ असा विनासायास हाती लागतो: (१, १, १) भागिले √३. वस्तुमानं काहीही असोत, हा स्तंभ हलत नाही.

उरलेल्या दोघांना एस वेगळं करू शकत नाही, कारण दोघांची आयगेनव्हॅल्यू −१ च आहे. मग आणखी एक क्रिया घ्या: म्यूऑन आणि टाऊ यांची अदलाबदल. तिला यू म्हणू. यू खाली (२, −१, −१) तसाच राहतो आणि (०, १, −१) चं चिन्ह बदलतं. झालं, तिन्ही स्तंभ ठरले:

(२, −१, −१)/√६, (१, १, १)/√३, (०, १, −१)/√२

याला ट्राय-बायमॅक्सिमल मिश्रण म्हणतात. हॅरिसन, पर्किन्स आणि स्कॉट यांनी ते २००२ मध्ये पुढे आणलं. कोन काढा. पहिल्या ओळीतला तिसरा घटक शून्य, म्हणून थीटा-१३ शून्य. दुसऱ्याचा वर्ग १/३, म्हणून थीटा-१२ म्हणजे ३५.३ अंश. थीटा-२३ नेमका ४५. तुमच्या पहिल्या पानावरच्या ३४ आणि ४५ कडे बघा. एकही आकडा आपण हातानं बसवलेला नाही, दोन क्रियांनी हे दिलं.

अशी वस्तुमान मॅट्रिक्स प्रत्यक्ष कशी दिसते? सरळ क्रम धरा आणि सगळ्यात हलक्याचं वस्तुमान शून्य घ्या. मग उरलेली दोन ८.७ आणि ५० मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट. मॅट्रिक्स अशी येते:

२.९ २.९ २.९
२.९ २७.९ −२२.१
२.९ −२२.१ २७.९

(१, १, १) घालून बघा: पहिली ओळ ८.७, दुसरी २.९ + २७.९ − २२.१ = ८.७. (०, १, −१) घाला: ५०. (२, −१, −१) घाला: शून्य. म्यूऑन-टाऊचा खालचा चौकोन जाडजूड, इलेक्ट्रॉनची ओळ बारीक. डाव्या वरच्या कोपऱ्यातला २.९ फार महत्त्वाचा आहे, कारण न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षय (अणुकेंद्रातून दोन इलेक्ट्रॉन निघतात, न्यूट्रिनो एकही नाही) त्याच घटकावर ठरतो. कामलँड-झेनच्या प्रयोगाची आजची मर्यादा, अणुकेंद्राचं गणित कोणतं वापरलं यावर अवलंबून, २८ ते १२२ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट आहे. २.९ पर्यंत पोचायला अजून बरीच वाट चालायची आहे.

पायरी ५: सममिती मोडते कशी

एक विसंगती तुमच्या लक्षात आली असेल. निसर्ग पूर्ण ए-४ पाळत असता तर टी आणि एस दोन्ही सगळीकडे चालल्या असत्या. आपण मात्र टी एकीकडे ठेवली आणि एस दुसरीकडे. तेच हवं आहे: अख्खा गट सुरुवातीला, मग तो दोन ठिकाणी दोन वेगळ्या पद्धतीनं मोडतो आणि दोन तुकड्यांच्या न जुळण्यातून मिश्रण जन्माला येतं.

मोडण्याचं काम फ्लेव्हॉन नावाची क्षेत्रं करतात. हिग्जसारखीच निर्वातात शून्येतर मूल्य घेणारी, पण फ्लेवरच्या अवकाशात दिशा असलेली. लेप्टॉनांशी जोडलेला फ्लेव्हॉन (१, ०, ०) या दिशेला स्थिरावला तर टी टिकते आणि एस मोडते. न्यूट्रिनोंशी जोडलेला (१, १, १) कडे वळला तर एस टिकते आणि टी मोडते. वरच्या मॅट्रिक्सनी पडताळून घ्या, दोन ओळींचं काम आहे.

या क्षेत्रांना या दिशा सांगितल्या कोणी? यालाच व्हॅक्यूम अलाइनमेंट म्हणतात आणि माझ्या मते या विषयाचं खरं दुखणं इथे आहे. दोन्ही फ्लेव्हॉनांना एकाच पोटेन्शियलमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या एकाच सूत्रात, मोकळं सोडलं तर ते एकमेकांना ओढून एकाच दिशेला नेऊ बघतात. ए-४ न्यूट्रिनोसाठी पहिल्यांदा वापरला तो अर्नेस्ट मा आणि जी. राजशेखरन यांनी २००१ मध्ये. पुढे आल्तारेल्ली आणि फेरुलियो यांनी २००५ च्या सुमारास अवकाशाच्या जादा मिती आणि मग सुपरसिमेट्री (प्रत्येक कणाला एक जोडीदार कण देणारी सममिती) वापरून दिशांचा प्रश्न सोडवला. सोडवला खरा, पण त्यासाठी जादा क्षेत्रं आणि आणखी एक झेड-३ सममिती (तीनदा केली की मूळपदावर येणारी) लागली. कुठलंही मॉडेल वाचताना कोनांचा तक्ता नंतर बघा, आधी अलाइनमेंटचं कलम काढा. लेखकांनी तिथे किती घाम गाळला आहे यावरून मॉडेलचा दर्जा कळतो. दिशा नुसत्या गृहीत धरल्या असतील तर कोन निघाले यात नवल कसलं?

आणखी एक बारकावा. यू ही क्रिया ए-४ मध्ये नाहीच. आल्तारेल्ली-फेरुलियो मॉडेलमध्ये ती आपोआप उगवते, कारण दोन विशिष्ट एकेरी रूपांतले फ्लेव्हॉन त्यांनी घेतलेले नाहीत. यू पहिल्यापासून गटात हवी असेल तर एस-४ कडे जावं लागतं.

त्याच मॉडेलचा एक मासला बघा, कारण मॉडेल भाकीत करतं म्हणजे काय ते इथे उघड दिसतं. साध्या रूपात न्यूट्रिनोची तिन्ही वस्तुमानं दोनच कॉम्प्लेक्स संख्यांवर उभी असतात, म्हणून त्यांच्यात एक नातं येतं: पहिलं वजा तिसरं बरोबर दुसऱ्याची दुप्पट. संख्या कॉम्प्लेक्स असल्यानं त्रिकोणाचा नियम लावा: तिसऱ्याचा आकार हा पहिला अधिक दुसऱ्याची दुप्पट याच्यापेक्षा मोठा असू शकत नाही. सरळ क्रमात पहिलं शून्य घेतलं तर ५० आणि १७.४, नियम मोडला. पहिलं वाढवत न्या. १० ला ५१ विरुद्ध ३६.५, अजून नाही. १६ च्या आसपास दोन्ही बाजू ५२.५ च्या जवळ भेटतात. म्हणजे हे मॉडेल म्हणतं की सगळ्यात हलका न्यूट्रिनो १६ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्टहून हलका असूच शकत नाही, आणि तिघांची बेरीज किमान ८७ च्या घरात हवी. प्लांक उपग्रहाच्या विश्वाविषयीच्या आकड्यांची मर्यादा १२० होती, तिच्यात हे बसत होतं. आकाशगंगांचा नकाशा काढणाऱ्या डेसी प्रकल्पानं २०२४ मध्ये नेहमीचं विश्वाचं मॉडेल गृहीत धरून ७२ ची मर्यादा दिली, तिच्यात बसत नाही. ही मर्यादा गृहीतकांवर हलते, तेव्हा लगेच फुली मारू नका. पण कोनांवर बेतलेलं मॉडेल आकाशगंगांच्या नकाशामुळे अडचणीत येतं, हे मला अजूनही थोडं अद्भुत वाटतं.

पायरी ६: २०१२ मध्ये काय झालं

मार्च २०१२ मध्ये चीनमधल्या दाया बे प्रयोगानं थीटा-१३ शून्य नसल्याचं जाहीर केलं आणि लगोलग दक्षिण कोरियातल्या रेनोनं दुजोरा दिला. ट्राय-बायमॅक्सिमल मिश्रण त्याच्या शुद्ध रूपात तिथेच संपलं. बाहेरून बघणाऱ्यांना वाटलं, विषय बुडाला. प्रत्यक्षात तो तिथून जास्त प्रामाणिक झाला.

तुम्हीही हा धक्का तुमच्या कागदावर देऊन बघा. थीटा-१३ शून्य ठेवण्यात यू चा हात होता, म्हणून तिला सोडा. दोन पर्याय उरतात.

पहिला, फक्त एस जपा. मग दुसरा स्तंभ (१, १, १)/√३ टिकतो. पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या घटकाचा वर्ग १/३, आणि तो म्हणजे थीटा-१२ चा साइन-वर्ग गुणिले थीटा-१३ चा कोसाइन-वर्ग. थीटा-१३ चा साइन-वर्ग ०.०२२ घाला: थीटा-१२ चा साइन-वर्ग ०.३४१.

दुसरा, एस आणि यू दोन्ही मोडा पण त्यांचा गुणाकार जपा. त्याच्याखाली एकटा पडतो तो पहिला स्तंभ, (२, −१, −१)/√६. आता पहिल्या घटकाचा वर्ग २/३, आणि उत्तर येतं ०.३१८.

मोजलेली किंमत ०.३१ च्या आसपास आहे. पहिल्या पर्यायाला टीएम-२ म्हणतात, तो आता बराच ताणलेला आहे. दुसरा, टीएम-१, अजून आरामात बसतो. चीनमधल्या जूनो प्रयोगानं २०२५ मध्ये मोजणी सुरू केली आहे आणि हाच कोन एका टक्क्याहून कमी चुकीत मोजणं हे त्याचं एक उद्दिष्ट आहे. ०.३१८ आणि ०.३१ यांतलं अंतर त्या सुरीला कापता येण्याजोगं आहे.

तिसरी एक वाट लेप्टॉनांच्या बाजूनं जाते: तिकडेही थोडं मिश्रण असू द्या, क्वार्कच्या पहिल्या कोनाएवढं. मग थीटा-१३ साधारण १३ भागिले √२, म्हणजे ९.२ अंश येतो. खरा ८.५. इतकं जवळ आल्यावर काहींना यात क्वार्क आणि लेप्टॉनांचं जुनं नातं दिसतं. मला तो अजून तरी योगायोग वाटतो, पण पैज लावणार नाही.

पायरी ७: हिशेब घाला

कुठल्याही मॉडेलसमोर दोन स्तंभ आखा: किती संख्या आत घातल्या आणि किती बाहेर आल्या. आत सात घालून बाहेर नऊ आल्या तर दोन भाकितं. आत दहा घालून नऊ जुळवल्या तर ती नुसती शिवणकला. आत घातलेल्यांत फ्लेव्हॉनांच्या दिशा, गटाची निवड, सोयीसाठी वगळलेली रूपं हेही धरा. हे कुणी तक्त्यात लिहीत नाही.

विरोधी पक्ष ओळखून असणं बरं. हॉल, मुरायामा आणि वाइनर यांनी २००० च्या सुमारास म्हटलं की न्यूट्रिनोची मॅट्रिक्स चक्क यादृच्छिक असली तरी मोठे कोन सहज येतात. याला अनार्की म्हणतात. थीटा-१३ बऱ्यापैकी मोठा निघाल्यावर या पक्षाला बळ मिळालं. फासे टाकून जे मिळतं त्याहून जास्त काही तुमची सममिती सांगते का, हा प्रश्न मॉडेलला विचारायलाच हवा. पायथॉनमध्ये यादृच्छिक कॉम्प्लेक्स मॅट्रिक्स हजार वेळा बनवून कोनांचा आलेख काढा. वीस ओळींचा प्रोग्रॅम आहे आणि एखाद्या व्याख्यानाहून जास्त शिकवतो.

गेल्या काही वर्षांत गर्दी मॉड्युलर सममितीकडे वळली आहे. २०१७ मध्ये फेरुलियो यांनी सुचवलं की फ्लेव्हॉनांचा पसारा टाकून एकच कॉम्प्लेक्स संख्या ठेवायची (तिलाही टाऊच म्हणतात, लेप्टॉनशी काही संबंध नाही) आणि जोडणीच्या संख्या तिच्या मॉड्युलर फलनांतून (ठरावीक रूपांतरांखाली नियमानं बदलणाऱ्या फलनांतून) काढायच्या. याच वाटेनं एस-३, ए-४, एस-४ आणि ए-५ पुन्हा भेटतात, अनुक्रमे पातळी २, ३, ४ आणि ५ ला. ए-४ च्या बाबतीत या संख्येचा काल्पनिक भाग खूप वाढवला की तिन्ही फलनं मिळून (१, ०, ०) कडे जातात. पाचव्या पायरीत जी दिशा आपल्याला ओढूनताणून मिळवावी लागली होती ती इथे फुकट. पण सुरुवात इथून करू नका. एस आणि टी हातात मुरल्याशिवाय मॉड्युलर लेख म्हणजे नुसती चिन्हांची रांगोळी दिसते.

काही खड्डे

बेसिस, म्हणजे अक्षांची निवड, मिसळू नका. ए-४ चा ट्रिप्लेट दोन प्रकारे लिहितात: एकात टी कर्णरूप, दुसऱ्यात एस कर्णरूप. पहिल्यात दोन ट्रिप्लेटचा अचल गुणाकार पहिला-पहिला अधिक दुसरा-तिसरा अधिक तिसरा-दुसरा असा येतो. दुसऱ्यात सरळ पहिला-पहिला, दुसरा-दुसरा, तिसरा-तिसरा. मी एकाची सूत्रं आणि दुसऱ्याच्या दिशा घेऊन तीन दिवस घालवले, आणि शेवटी चूक एका ओळीच्या मापाची निघाली. लेखाच्या परिशिष्टात बेसिस दिलेली असते; पहिल्यांदा तीच वाचा.

काही लेखांत यू च्या पुढे उणे चिन्ह असतं. घाबरू नका, अख्ख्या मॅट्रिक्सचं चिन्ह बदललं तरी आयगेनव्हेक्टर तेच राहतात.

प्रयोगाशी तुलना करताना ताजे आकडे न्यूफिटसारख्या जागतिक विश्लेषणातून घ्या, आणि सरळ क्रमाचे आकडे उलट्या क्रमाच्या मॉडेलला लावू नका. मोठ्या गटांसाठी गॅप ही मोफत संगणकप्रणाली वापरा. रूपं आणि कॅरेक्टर तक्ते क्षणात देते. पण ए-४ हातानंच करा.

आता स्वतःचं भाकीत काढा

टीएम-१ मध्ये पहिला स्तंभ पूर्ण ठरलेला आहे, म्हणून म्यूऑनच्या ओळीतल्या पहिल्या घटकाचा वर्ग १/६ असायलाच हवा. पीएमएनएसच्या नेहमीच्या मांडणीत या वर्गाची तीन पदं होतात. पहिलं: थीटा-१२ चा साइन-वर्ग गुणिले थीटा-२३ चा कोसाइन-वर्ग. दुसरं: थीटा-१२ चा कोसाइन-वर्ग गुणिले थीटा-२३ चा साइन-वर्ग गुणिले थीटा-१३ चा साइन-वर्ग. तिसरं: थीटा-१२ आणि थीटा-२३ या दोघांचे साइन आणि कोसाइन, थीटा-१३ चा साइन आणि कोसाइन डेल्टा यांच्या गुणाकाराची दुप्पट.

थीटा-२३ साठी ४९ अंश घ्या. पहिली दोन पदं मिळून ०.१४५५, तिसऱ्याचा सहगुणक ०.०६८४. १/६ म्हणजे ०.१६६७. तेव्हा कोसाइन डेल्टा ०.३१, आणि डेल्टा ७२ किंवा २८८ अंश. आता ४२ अंश घेऊन तेच करा: १०३ किंवा २५७ च्या जवळ यायला हवं. नेमक्या ४५ ला ९० किंवा २७०. ४० ते ५० मधल्या प्रत्येक अंशासाठी डेल्टा काढून आलेखावर बिंदू टाका आणि ती वक्ररेषा जपून ठेवा. अमेरिकेतला ड्यून आणि जपानमधला हायपर-कामिओकांडे हे दोन्ही प्रयोग याच दोन अक्षांवर आपला ठिपका टाकण्यासाठी उभे राहत आहेत.